बंद खात्याची बाकी

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस व्यापारी पेठांतून एकाच विषयाची चर्चा होती. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्या पहिल्या, २०१७-१८ या वर्षाच्या हिशेबांवर आदेश काढण्याची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत आली होती, आणि आदेशापूर्वी किमान तीन महिने नोटीस बजावणे आवश्यक होते. त्यामुळे सहा वर्षांपूर्वीच्या तफावतींच्या नोटिसा त्या दिवसांत दुकानोदुकानी येऊन पडल्या.

अशा एका दुकानाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. तालुक्याचे गाव, बाजारपेठेतील हार्डवेअरचे जुने दुकान. पाइप, नळ, रंग, खिळेमोळे यांचा व्यापार. गल्ल्यावर साठी ओलांडलेले शेठजी, हाताखाली सहा माणसे आणि आतल्या खोलीत संगणकावर हिशेब पाहणारी त्यांची सून. दुकानाने घेतलेले इनपुट क्रेडिट आणि पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून दिसणारे क्रेडिट यांत १,८६,००० रुपयांचा फरक आहे, असे नोटिशीत म्हटले होते. कर सल्लागाराने धीर दिला. डिसेंबर २०२२ मध्ये निघालेल्या परिपत्रकाने अशा प्रकरणांत वाट ठेवली होती. पुरवठादाराने कर भरल्याचे प्रमाणपत्र सादर केले तर मार्ग निघण्यासारखा होता. “पण कोणाची बिले सुटली, हे तुमच्याकडे कोणाला आठवतं का?” असे त्याने विचारले.

आठवणारा माणूस एकच होता. अकरा वर्षे ज्याने या दुकानाचे हिशेब लिहिले, तो अकाउंटंट २०१९ साली काम सोडून गेला होता. त्याचा नंबर सुनेच्या फोनमध्ये होता. तिने फोन हातात घेतला तेव्हा शेठजी म्हणाले, “त्याला नको.” कारण त्यांनी सांगितले नाही, आणि तिने त्या वेळी विचारले नाही.

माणूस नोकरी सोडून गेल्यावर दुकानाचा त्याच्याशी कोणता संबंध उरतो, हा प्रश्न छोट्या व्यवसायात सहसा कोणी विचारात घेत नाही. माणूस गेला, त्याच्या जागी दुसरा आला, हजेरीपटावरचे नाव खोडले, एवढ्यावर विषय संपतो. परंतु छोट्या पेढीत एकेका माणसाच्या डोक्यात फार मोठा साठा असतो. कोणत्या गिऱ्हाइकाला किती उधार द्यावे, कोणता माल पावसाळ्यात खराब होतो, कोणता ठेकेदार बिल वाचूनही तक्रार करतो, कोणाकडील येणे सणापूर्वी मागावे आणि कोणाकडील सुगीनंतर, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. माणूस उंबरठा ओलांडतो तेव्हा ते सारे त्याच्याबरोबर जाते. पुढे कधी गरज पडली, तर त्याला निःसंकोच फोन करता येतो की नाही, यावर सर्व अवलंबून राहते.

गुमास्ता आणि पेढी

मुंबईत आजही दुकानाच्या नोंदणीला बोलीभाषेत ‘गुमास्ता’ म्हणतात. १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा जाऊन २०१७ चा नवा कायदा आला, तरी बाजारातला हा शब्द टिकून राहिला आहे. त्या शब्दामागे पेढीवरच्या माणसाचे एक संपूर्ण आयुष्य उभे आहे.

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा नात्यागोत्याच्या ओळखीने पेढीवर येई. झाडलोट, पाणी, मालाचा काटा, मग रोजमेळ, मग खतावणी आणि सर्वांत शेवटी वसुली, अशा पायऱ्या तो चढे. जेवण पुष्कळदा मालकाच्याच घरी असे. दहा-बारा वर्षांनी मालक त्याला एखाद्या शाखेत भागी देई, किंवा दुसऱ्या गावी दुकान थाटण्यासाठी माल उधारीवर देई. राजस्थान-गुजरातमधून महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेल्या कितीतरी व्यापारी घराण्यांचा मूळपुरुष असाच कोणाचा तरी गुमास्ता होता. नवे दुकान आणि जुनी पेढी यांच्यात मालाची, उधारीची आणि लग्नकार्याची ये-जा चालू राही. माणूस नोकरीतून बाहेर पडला तरी पेढीच्या वर्तुळाबाहेर जात नसे.

या चित्राला दुसरी बाजूही होती. लग्न, आजारपण, घराची डागडुजी यांसाठी नोकराला उचल मिळे आणि ती त्याच्या नावे पडे. ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्याची सोय नसे, आणि पगाराच्या मानाने ती फिटणे सोपे नसे. वीस-वीस वर्षे एका गादीपाशी राहिलेल्या माणसाच्या निष्ठेत माया किती होती आणि नाइलाज किती होता, हे निवडून वेगळे काढणे कठीण आहे. म्हणून जुन्या काळाचे गोडवे गाऊन आजचा प्रश्न सुटणार नाही. आज माणूस जायला मोकळा आहे, हे चांगलेच झाले. मात्र त्याला धरून ठेवणारी उचल गेली, तसे त्याला पुन्हा दाराशी आणणारे निमित्तही गेले. दुकानात चार वर्षे काम शिकलेला तरुण भिवंडीच्या गोदामात किंवा चाकणच्या कारखान्यात जातो, फोनचा नंबर बदलतो, आणि वर्षभरात दोन्हीकडे एकमेकांचा ठावठिकाणा उरत नाही.

मोठ्या कंपन्यांना ही हानी उमगली आहे. शाळा-महाविद्यालये माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरवतात, त्याच धर्तीवर माजी कर्मचाऱ्यांचा संपर्क राखण्याची व्यवस्था त्यांपैकी अनेकींनी केली आहे. लिंक्डइनचे एक संस्थापक रीड हॉफमन यांनी दोन सहलेखकांसह २०१४ साली लिहिलेल्या ‘द अलायन्स’ या पुस्तकाचा एक मोठा भाग याच विषयावर आहे. मालक आणि नोकर यांचा संबंध नोकरीपेक्षा अधिक काळ टिकणारा असावा, असा त्यांचा आग्रह आहे. मोठ्या कंपनीला यासाठी स्वतंत्र विभाग लागतो. सहा माणसांच्या दुकानाला एक वही आणि थोडी सवय पुरते.

शेवटचा आठवडा

संबंध टिकणार की तुटणार, याचा निकाल बहुधा माणूस निघण्याच्या आठवड्यात लागतो. “पुढच्या महिन्यापासून येणार नाही,” असे नोकराने सांगताच मालकाच्या मनाला लागते. हाताला धरून शिकवले आणि हा निघाला, ही पहिली भावना असते. मग बोलणे कमी होते, चाव्या काढून घेतल्या जातात, आणि शेवटचा पगार ‘हिशेब झाल्यावर पाहू’ या सदरात जातो. मालकाच्या दृष्टीने हा आठ-पंधरा दिवसांचा रुसवा असतो. नोकराच्या घरी मात्र त्या महिन्याचे भाडे आणि किराणा थांबलेला असतो, आणि ते घर ती गोष्ट विसरत नाही.

कायद्याची दृष्टी येथे अगदी स्पष्ट आहे. २०१९ च्या वेतन संहितेनुसार नोकरी सोडणाऱ्याचे किंवा कामावरून काढलेल्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावयाचे असते. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेत ग्रॅच्युइटी लागू होते. १९७२ च्या कायद्याने रूढ केलेला तिचा साधा हिशेब प्रत्येक व्यापाऱ्याला पाठ असावा: नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना सव्वीस दिवसांचा. शेवटचे मासिक वेतन १८,२०० रुपये असेल तर एका दिवसाचे ७०० रुपये, पंधरा दिवसांचे १०,५०० रुपये, आणि बारा वर्षांच्या नोकरीचे १,२६,००० रुपये होतात. कायम नोकरासाठी सलग पाच वर्षांची अट आहे, पण नोकरीत असताना मृत्यू आला तर ती अट राहत नाही. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत ती त्या घरी पोहोचली पाहिजे.

दहांपेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानावर हे बंधन नाही. तरीही दीर्घकाळ राबलेल्या माणसाला याच हिशेबाने काही रक्कम देण्याची पद्धत अनेक घरांनी स्वखुशीने ठेवली तर ती शोभेल. दर दिवाळीला त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढली, तर निघण्याच्या दिवशी ती ओझे वाटत नाही.

पैशाइतकीच महत्त्वाची बाब कागदांची आहे. किती काळ, कोणते काम केले याचा अनुभवाचा दाखला मागण्यापूर्वी द्यावा. मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे ‘सुरक्षिततेसाठी’ ठेवून घेतली असतील तर ती त्याच दिवशी परत करावीत. खरे तर ती ठेवून घेऊच नयेत. पगारावर करकपात झाली असेल तर तिचे प्रमाणपत्र वेळेवर पोहोचवावे. जेथे भविष्य निर्वाह निधी लागू आहे, तेथे नोकरी सोडल्याची तारीख नोंदवण्याचे काम विसरू नये. ती नोंद राहिली की निधी काढताना किंवा दुसरीकडे वळवताना माणूस अडतो आणि प्रत्येक अडचणीच्या वेळी जुन्या मालकाचे नाव घेतो.

शेवटचा हिशेब दोन प्रतींत लिहावा: पगार, शिल्लक रजेचे पैसे, उचल असल्यास तिची वजावट, आणि राहिलेली देणी-घेणी. दोघांनी सह्या कराव्यात आणि एक प्रत त्याच्या हाती द्यावी. त्या संध्याकाळी सर्वांनी मिळून चहा घ्यावा आणि त्याने काय काम केले, हे मालकाने चार माणसांसमोर सांगावे. हा समारंभ जाणाऱ्यासाठी जेवढा असतो, तेवढाच राहणाऱ्यांसाठी असतो. उरलेली माणसे त्या दिवशी मुकाट्याने पाहत असतात, की उद्या आपण निघालो तर आपल्याशी हे घर कसे वागेल.

जाणाऱ्यांच्या तऱ्हा

चांगल्या पगारासाठी गेलेला माणूस सर्वांत सोपा. त्याच्याशी वैर धरण्याचे काही कारणच नसते. जी बढती सहा माणसांच्या दुकानात देता येत नव्हती, ती त्याला बाहेर मिळाली. तो पुढे एखाद्या कंपनीच्या खरेदी विभागात असतो, बँकेत असतो, वाहतूकदाराकडे असतो, आणि दुकानाबद्दल त्याचे मत चांगले असेल तर ते अनेकांच्या कानी जाते. दुकानाला नवा माणूस हवा असेल तेव्हा काम आणि घर दोन्ही ठाऊक असलेल्या या माणसाची शिफारस सर्वांत भरवशाची ठरते.

समोरच्या गल्लीत स्वतःचे दुकान काढणारा मनाला सर्वांत अधिक लागतो. “दोन वर्षं असा धंदा करणार नाहीस, असं लिहून घ्यायला हवं होतं,” असे पुष्कळांना वाटते. लिहून घेतले असते तरी त्याचा उपयोग झाला नसता. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम कोणालाही वैध व्यापार करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत निरर्थक ठरवते. नोकरी सुटल्यावर माणसाने आपल्या कसबावर पोट भरू नये, असे बंधन न्यायालये मान्य करीत नाहीत. पेढीची गोपनीय माहिती घेऊन जाणे मात्र वेगळे, आणि ती मर्यादा निरोपाच्या वेळी स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी.

मुळात नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढणे, हाच व्यापाराच्या वाढीचा जुना मार्ग आहे. १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस सुरू झाली, तेव्हा तिचे सातही संस्थापक पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेले होते. पुढे ती कंपनी पटणीपेक्षा कितीतरी मोठी झाली. आज गल्ल्यापाशी उभा असलेला मुलगा उद्या कोठे पोहोचेल, याचा अंदाज कोणालाही करता येत नाही. छोट्या गावात तर समोरचा दुकानदार हा प्रतिस्पर्धी असतो तसाच सोबतीही असतो. एकाकडे संपलेला माल दुसऱ्याकडून घेता येतो, दोघांचा माल एका ट्रकमध्ये येतो, बुडव्या गिऱ्हाइकाची खबर वेळेवर मिळते. जुन्या मालकाने उद्‌घाटनाला जाऊन पहिली खरेदी केली, तर पुढची वीस वर्षे सुसह्य होतात. तो गेला नाही, तर तेवढीच वर्षे दोघेही एकमेकांना पाहून रस्ता बदलत राहतात.

वयामुळे किंवा आजारामुळे घरी बसलेल्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्याकडून दुकानाला आता काही मिळायचे नसते, म्हणूनच त्यांची आठवण ठेवणे अवघड जाते. ज्या हमालाने तीस वर्षे पोती वाहिली, त्याचे गुडघे आज चालत नाहीत. त्याच्याकडे मुलाने महिन्यातून एकदा जाऊन यावे, औषधाची चौकशी करावी. जेथे निवृत्तिवेतन योजना लागू होती तेथे दहा वर्षांच्या पात्र सेवेनंतर वयाच्या ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळू शकते. ते सुरू करताना नावातला फरक, जन्मतारखेतला फरक, जुन्या नोंदीतली चूक अशा अडचणी निघतात, आणि त्या दूर करण्यासाठी जुन्या मालकाचीच सही लागते. दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. फोनवर अर्ज भरून देणे हे दुकानातल्या तरुणाला दहा मिनिटांचे काम असते. त्या म्हाताऱ्याला तेच काम चार खेपांचे पडते. आणि अशा माणसाच्या निधनाची बातमी आली, तर त्या घरी समाचाराला मालकाने स्वतः जावे. नोकराला पाठवू नये.

शेवटचे ते, जे रागाने गेले किंवा ज्यांना रागाने काढले. येथे प्रामाणिकपणे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. अपहार सिद्ध झाला असेल तर त्या माणसाशी सलगी ठेवण्याची सक्ती नाही. त्याचे कायदेशीर देणे द्यावे आणि विषय संपवावा. पण संशय हा पुरावा नव्हे. छोट्या गावात ‘त्याला का काढला’ या प्रश्नाला शेठने नुसती मान हलवली, तरी त्या माणसाला पेठेत दुसरी नोकरी मिळत नाही. नव्या मालकाने चौकशी केली, तर किती वर्षे होता, काय काम करीत होता आणि स्वतः काय पाहिले, एवढेच सांगावे. ऐकीव गोष्ट सांगू नये आणि सूचक मौनही पाळू नये.

वहीतले एक पान

हे सर्व आठवणीवर सोडले तर होत नाही. दुकानात ज्याप्रमाणे येणेकऱ्यांची यादी असते, त्याप्रमाणे जुन्या माणसांची एक यादी असावी. नाव, सध्याचा फोन, कोणत्या वर्षी आला, कधी गेला, कशासाठी गेला, आता कोठे आहे, घरी कोण आहे आणि शेवटचा हिशेब कोणत्या तारखेला पूर्ण झाला, एवढे रकाने पुरतात. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो रिकामा असेल तर दिवाळीच्या शुभेच्छा पाठवण्यापूर्वी तो भरावा. ही यादी खासगी आहे. ती कोणाच्या हाती देऊ नये आणि तिचा उपयोग माल विकण्यासाठी करू नये.

वर्षातून दोन वेळा बोलणे पुरेसे होते. दिवाळी हे एक निमित्त आहेच. दुसरे त्या माणसाच्या घरातले असावे, जसे मुलीचा दहावीचा निकाल, वास्तुशांत किंवा आईचे आजारपण. या बातम्या दुकानापेक्षा घरातल्या स्त्रियांना आधी कळतात. जुन्या घरांत नोकराच्या बायकोला लुगडे आणि मुलांना खाऊ कोणी पाठवायचा, हे ठरलेले असे, आणि ते घरातली मोठी सून पाहत असे. आज त्याच सुना हिशेब, बँक आणि करभरणाही पाहतात. हे पान त्यांच्या हाती असेल तर ते कोरडे राहत नाही.

व्हॉट्सॲपवर सर्वांचा एक गट करण्याचा मोह होतो. असा गट महिनाभरात सुप्रभातीच्या चित्रांनी भरतो, आणि ज्याचे दुःख आहे तो त्यात काही लिहीत नाही. एकेकाला केलेला तीन मिनिटांचा फोन त्याहून अधिक उपयोगी पडतो. त्या फोनचा एक नियम पाळावा: ज्या दिवशी खुशाली विचारायची, त्या दिवशी काम सांगायचे नाही. चार वर्षांनी आलेल्या फोनवर दुसऱ्याच वाक्याला जुन्या फाइलची चौकशी सुरू झाली, की ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्याचा अर्थ कळतो.

काम असेल तेव्हा ते उघडपणे कामच म्हणून सांगावे. जुन्या माणसाने रविवारचे चार तास बसून हिशेब लावून दिला, तर त्याचे मोल ठरवून द्यावे. ‘घरचाच माणूस’ म्हणून फुकट काम घेणे ही जुन्या उचलीचीच उलटी बाजू आहे. तो सध्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे असेल तर तेथील भाव, गिऱ्हाइके, खरेदीचा दर यांबद्दल अवाक्षरही विचारू नये. आज जो आपल्याला तेथील सांगेल, त्याने येथील तेथे सांगितले नसेल, याची खात्री कोण देणार?

अधूनमधून एखादा जुना माणूस परत येऊ पाहतो. शहरातला पगार खोलीभाड्यात जातो, आईवडील थकतात, आणि तो संकोचत दारात उभा राहतो. त्याला पाहताच ‘शेवटी आलास ना!’ हे शब्द ओठांवर येतात. ते गिळावेत. त्याला घ्यायचे असेल तर बाजारभावाने घ्यावे. पण जे सोडून न जाता येथेच राहिले, त्यांच्यापेक्षा त्याला अधिक देताना त्याचे कारण त्यांना आधी सांगावे. घ्यायचे नसेल तर त्याच दिवशी तसे सांगून दुसरीकडे शब्द टाकावा. बाहेर पाहून आलेला माणूस दुकानाच्या उणिवाही घेऊन येतो. त्या ऐकण्याची तयारी असेल तर तो नव्या माणसापेक्षा लवकर उपयोगी पडतो.

राहून गेलेला फोन

हार्डवेअरच्या त्या दुकानात नोटीस टेबलावर पडून होती. दोन दिवसांनी रात्री जेवणे झाल्यावर शेठजींनी सुनेला आपण होऊन सांगितले. २०१९ मध्ये पितळी नळांची तीन खोकी कमी भरली. किंमत १३,५०० रुपये. त्या दिवसांत अकाउंटंटने नोकरी सोडतो म्हणून सांगितले होते, आणि दोन गोष्टींची सांगड घालून शेठजींनी त्याचा शेवटचा पगार थांबवला. तो एकदा मागायला आला, मग आला नाही. दोन महिन्यांनी एका ठेकेदाराच्या साइटवर ती खोकी सापडली. घाईच्या दिवशी शेठजींनी स्वतःच ती पाठवली होती आणि चलन लिहायचे राहिले होते.

“मग तेव्हा त्यांना सांगितलं नाही?” सुनेने विचारले.

“आज सांगू, उद्या सांगू, असं चार वर्षं चाललं.”

क्षमापनेचे संदेश दरवर्षी त्यांच्या फोनवरून तीनशे जणांना जात. पुरवठादार, गिऱ्हाइके, नातेवाईक, बँकेचे साहेब, सर्वांची नावे त्यात होती. ज्याची क्षमा खरोखर मागायची होती, त्याचे नाव त्या यादीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींनी दुकान उघडण्यापूर्वी फोन लावला. नोटिशीचा विषय काढायचा नाही, असे त्यांनी आधीच ठरवले होते. नळांची हकीकत त्यांनी काही न लपवता सांगितली, चूक आपली होती असे म्हटले, आणि त्या महिन्याचे १६,००० रुपये आजच पाठवतो असे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“पैसे पाठवा शेठ. नको म्हणत नाही, ते माझे आहेत,” तो म्हणाला. “पण खोकी सापडली त्या दिवशी एक फोन केला असता तर बरं झालं असतं. माझ्या वडिलांनी मला दोनदा विचारलं होतं, खरं काय ते सांग म्हणून. ते मागच्या वर्षी गेले.”

शेठजींना यावर बोलता आले नाही. त्यांनी त्याच दिवशी पैसे पाठवले. तीन दिवसांनी सुनेने स्वतंत्र फोन करून नोटिशीबद्दल विचारले आणि त्याच्या वेळेचे काय द्यायचे, तेही विचारले. त्याने मोजकी रक्कम सांगितली. रविवारी तो येऊन गेला. २०१८ ची बॉक्स फाइल पोटमाळ्यावर रंगांच्या कॅटलॉगमागे निघाली. पाइपच्या एका वितरकाने दुकानाची बिले नोंदणी नसलेल्या ग्राहकांच्या रकान्यात दाखवली होती. त्याबद्दल त्या वेळी केलेला पत्रव्यवहार फाइलमध्ये होता. वितरकाकडून प्रमाणपत्र आले आणि मुदतीत उत्तर दाखल झाले. अकाउंटंट चहा घेऊन गेला. जुन्या दिवसांसारखा तो मोकळेपणाने हसला नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नाही.

त्या दिवाळीत सून फराळाचे डबे भरत होती. शेजारी नवी वही उघडी होती. जुन्या माणसांच्या यादीत सातवे नाव शेठजींच्या हस्ताक्षरात होते. गेल्याचे वर्ष २०१९ होते. शेवटच्या हिशेबाच्या रकान्यात त्यांनी ऑक्टोबर २०२३ ची तारीख लिहिली होती.